रांग १२ ते १६ मध्ये बसलेल्या सहप्रवाशांना

सहप्रवाशांनो,

नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मलाही तुमच्यापैकी एकाचंही नाव ठाऊक नाही. काही महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी आपण साडेतीन तास एकाच विमानात होतो. मी १४ सी वर होतो. तुम्ही माझ्या पुढच्या दोन रांगांत, मागच्या दोन रांगांत, नाहीतर माझ्याच रांगेत. विमान कुठून कुठे जात होतं ते लिहीत नाही, पण खूण सांगतो. दारं लागल्यावर आपण चाळीस मिनिटं जागच्या जागी उभे होतो. एसी बंद होता. डोक्यावरच्या झडपा फिरवून फिरवून लोक कंटाळले आणि शेवटी सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड काढून वारा घालायला लागले. १३ सी वर एक ताई सात-आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते बाळ सीटच्या पाठीवरून डोकावून माझ्याकडे टक लावून बघत होतं. आठवलं असेल, तर हे पत्र तुम्हालाच आहे.

त्या विमानात चढताना मला माहीत होतं की मी गोवराच्या रुग्णाच्या संपर्कात आलो आहे. तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्हाला कळू नये याची सोय मीच केली होती.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको : मला गोवर झाला नाही. तुम्हाला माझ्याकडून काही लागलं असण्याचा प्रश्न नाही. पण हे मला कळलं ते विमानातून उतरल्यावर दोन दिवसांनी. चढताना नव्हतं माहीत. म्हणून तर हे लिहितोय.

झालं ते असं. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या रविवारी मी एका मित्राकडे दिवसभर होतो. त्याची चार वर्षांची मुलगी किरकिरत होती. ताप, नाक वाहतंय, डोळे लाल. ती माझ्या मांडीवर बसून तेच ते चित्रांचं पुस्तक पुन्हापुन्हा वाचून घेत होती आणि मध्येच माझ्या तोंडावर खोकत होती. सोमवारी तिच्या कानामागे पुरळ दिसायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, औषधाची ॲलर्जी असेल. लस राहून गेली होती हे नंतर निघालं. रक्ताचा रिपोर्ट यायला आठवडा गेला. पुढच्या सोमवारी रात्री, म्हणजे माझ्या प्रवासाच्या आदल्या रात्री, मित्राने दिलेल्या यादीवरून आरोग्य विभागातल्या एका बाईंचा मला फोन आला.

त्या खूप व्यवस्थित बोलल्या. गोवराची लस घेतल्याची नोंद आहे का, लहानपणी गोवर झाला होता का, घरात कुणी गरोदर आहे का, वर्षाच्या आतलं मूल आहे का. मी म्हटलं, लसीचं काही माहीत नाही, विचारून सांगतो. त्या म्हणाल्या, २१ दिवस लक्ष ठेवा. ताप आला तर थेट दवाखान्यात जाऊन बसू नका, आधी फोन करा. तिथल्या लोकांना लागण होते. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या काही दिवसांत कुठे प्रवास आहे का?"

बॅग भरून दाराशी उभी होती. चाकांची बॅग, तिच्या कप्प्यात छापून ठेवलेला बोर्डिंग पास. मी तिच्याकडे बघत म्हणालो, "नाही, तसा विशेष नाही."

'विशेष' हा शब्द मी का घातला त्यावर नंतर बरंच डोकं खाजवलं. साधं 'नाही' म्हणायला जीभ वळली नसावी. खोटं बोलतानाही माणूस एखादी फट ठेवतो, पुढेमागे त्यातून निसटायला.

फोन ठेवल्यावर मी आईला फोन लावला. "मला लहानपणी गोवर झाला होता ना?" आई म्हणाली, "झाला असेल. तुला की तुझ्या भावाला, आता नक्की आठवत नाही. कांजण्या मात्र दोघांनाही झाल्या होत्या." हे उत्तर मी रात्रभर घासून घासून गुळगुळीत केलं. झोपायच्या वेळेपर्यंत त्याचं 'आई म्हणाली, झाला होता' असं झालेलं होतं. सकाळी टॅक्सीत बसताना तर मला अगदी खात्री वाटत होती.

जायचं कशासाठी होतं? मुलाखतीला. कुणी अत्यवस्थ नव्हतं, कुणाच्या अंत्यदर्शनाला जायचं नव्हतं. नोकरीची मुलाखत, तीही व्हिडिओवर होऊ शकली असती. विचारलं असतं तर ते लोक हो म्हणाले असते असं आता वाटतं. पण विचारणं म्हणजे कारण सांगणं, आणि कारण सांगणं म्हणजे 'ह्या माणसाच्या मागे काहीतरी लचांड आहे' अशी पहिली ओळख करून देणं. तिकीट परत न मिळणाऱ्या प्रकारातलं होतं, हेही आहेच. एवढ्यासाठी मी तुम्हा २९ जणांना न विचारता पणाला लावलं. पाच रांगा, प्रत्येकी सहा जागा, त्यातून मी वजा.

आता, दोनच रांगा का? हा हिशेब माझा नव्हे. विमानात गोवराचा रुग्ण होता असं मागाहून कळलं की अमेरिकेची सीडीसी ही संस्था रुग्णाच्या पुढच्या-मागच्या दोन रांगांतले प्रवासी शोधते. शिवाय विमानात कुठेही बसलेली मांडीवरची बाळं आणि त्या भागातला केबिन क्रू. क्षयरोगाच्या बाबतीतही दोन रांगांचाच हिशेब असतो, फक्त तिथे प्रवास आठ तास किंवा त्याहून लांबचा असावा लागतो. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, म्हणून ओढलेली ही रेघ आहे. विषाणूला रांगा मोजता येत नाहीत.

१५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात सार्स या श्वसनाच्या साथीच्या आजाराचा एक रुग्ण होता. त्याच्याबरोबर विमानात आणखी ११९ माणसं होती. प्रवास तीन तासांचा, म्हणजे आपल्यापेक्षाही कमी. पुढे या प्रवासाशी जोडलेले २२ जण आजारी पडले. नंतर संशोधकांनी ज्यांना गाठता आलं त्यांच्या जागांचा नकाशा मांडला. त्याच्या पुढच्या तीन रांगांत बसलेल्या २३ जणांपैकी ८ जणांना सार्स झाला होता. पण त्या रांगांच्या बाहेर बसलेल्या ८८ जणांपैकीही १० जणांना झालेला होता. २ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला उतरलेल्या विमानात बिझनेस क्लासमधल्या एकाच प्रवासी बाईंना घसादुखी आणि खोकला होता. मागाहून १६ जणांना कोरोनाची लागण झालेली आढळली, त्यातले १२ बिझनेस क्लासमधले. ऐसपैस जागा, रुंद खुर्च्या, कशाचा काही उपयोग झाला नाही.

इथे एक गोष्ट विमानाच्या बाजूने सांगायला हवी, कारण लोक उगाच विमानाच्या हवेला नावं ठेवतात. मोठ्या जेट विमानांत उडताना हवा तासाला २० ते ३० वेळा बदलली जाते. जवळपास निम्मी बाहेरून येते आणि आतली जी फिरून येते ती हेपा फिल्टरमधून गाळली जाते. हवा वरून खाली वाहते, विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत भरकटत नाही. कित्येक ऑफिसांपेक्षा ती बरी असते. घात होतो तो शेजारी बसलेल्या माणसाच्या श्वासाने, आणि हवा बंद असते त्या वेळी. १९७७ मध्ये अलास्कात एका जेट विमानाचं इंजिन उड्डाणाच्या वेळी बिघडलं. ५४ माणसं, विमान जमिनीवर तीन तास अडकलेलं, हवा खेळवणारी यंत्रणा बंद, आणि आत फ्लूने आजारी असलेली एक व्यक्ती. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले.

आपण त्या मंगळवारी चाळीस मिनिटं उभे होतो तेव्हा मला अलास्काचं हे प्रकरण माहीत नव्हतं. पण गोवराबद्दल रात्रीच सगळं वाचून झालं होतं. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं रुग्णाच्या जवळ आली तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहू शकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून माणूस तो पसरवत असतो. म्हणजे साधी सर्दी वाटते तेव्हा. म्हणजे मला काहीच होत नाहीये असं वाटतं तेव्हासुद्धा. लागण झाल्यापासून पुरळ यायला सरासरी १४ दिवस लागतात, पण सात दिवसांतही येऊ शकतं. त्यामुळे प्रतिकारशक्तीचा पुरावा नसलेल्या माणसाने संपर्कानंतर पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत लोकांपासून लांब राहावं असा हिशेब धरतात. माझा त्या दिवशी नववा दिवस होता. ७२ तासांच्या आत लस टोचून घेतली तर उपयोग होतो, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. फोन आला तोवर दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. हे सगळं वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गजर लावून झोपलो.

सकाळी घसा जरा खवखवत होता. झोप कमी झाली म्हणून असेल. सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागण्याआधी मी पॅरासिटामॉलची एक गोळी घेतली. डोकं दुखत होतं, हे खरं आहे. पण डोकं दुखलं नसतं तरी घेतली असती का, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

विमानतळावर मला कुणी काही विचारलं नाही, हेही सांगतो. वेब चेक-इन करताना लिथियम बॅटरी आहे का, लायटर आहे का, स्फोटक आहे का असं विचारलं होतं. पॉवर बँक कुठे ठेवायची याचं सचित्र पान होतं. आजाराचा तिथे शब्दसुद्धा नव्हता. अर्थात विचारून काय मोठं निघतं? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ऑरलँडोहून लॉस एंजेलिसला निघालेला एक प्रवासी विमानातच कोसळला आणि मरण पावला. त्याला कोरोना होता. लक्षणं नाहीत, असं त्याने चढण्याआधी भरून दिलं होतं. २००३ मध्ये सार्सच्या वेळी कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले, त्यात सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्याला गोळी घेतलेला माणूस दिसत नाही. ताप अजून यायचाच आहे असा माणूस तर त्याला दिसूच शकत नाही. विमानात कुणी आजारी दिसलं तर त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आणि जोडीला सततचा खोकला, पुरळ, धाप, उलट्या यांपैकी काही असेल, तर वैमानिकाने खालच्या नियंत्रण कक्षाला कळवायचं. पण नुसता संपर्कात आलेला माणूस यातल्या कुठल्याच चाळणीत अडकत नाही. ते फक्त त्यालाच माहीत असतं. म्हणजे माझ्या बाबतीत जगात एकच तपासणी नाका होता, तो सोमवारी रात्रीच्या फोनवर होता, आणि तिथून मी 'विशेष नाही' म्हणून पुढे सटकलो होतो.

१३ सी वरच्या ताई, आता तुमच्याबद्दल. विमान वर गेल्यावर हवा सुरू झाली, लोक सैलावले. १४ बी वरचा मुलगा झोपला आणि त्याचं डोकं हळूहळू घसरत माझ्या खांद्यावर आलं. तुमचं बाळ उभं राहून माझ्याकडे बघत होतं. मी मान वळवून खिडकीकडे बघत राहिलो. माणूस लहान मुलाकडे बघून हसतो, मी हसलो नाही. तुम्हाला तो तुसडेपणा वाटला असेल. मग त्याच्या पायातला मोजा खाली पडला. पिवळा, टाचेला अस्वलाचं तोंड असलेला. तो माझ्या बुटाशी येऊन थांबला. तुम्ही मागे वळून बघितलंत. बाळ हातात असल्यामुळे तुम्हाला वाकता येत नव्हतं. मी तो उचलून दिला. तुम्ही थँक्यू म्हणालात आणि मोजा बाळाच्या पायात न घालता त्याच्या हातात दिलात. त्याने तो सरळ तोंडात घातला.

त्या वयाच्या बाळाला गोवराची लस मिळालेली नसते. कुठे ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कुठे बारा. तोवर त्याच्या वाट्याला आईकडून आलेली थोडीफार प्रतिपिंडं असतात, तीही त्या सुमाराला ओसरत आलेली. आणि याच वयात गोवराने न्युमोनिया होतो, मेंदूला सूज येते. क्वचित, सगळं विसरून गेल्यावर, सात-आठ-दहा वर्षांनी एसएसपीई नावाचा मेंदूचा आजार उभा राहतो, त्याला इलाज नाही. तान्हेपणी गोवर झालेल्यांना त्याचा धोका जास्त. हे सगळं मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. वाचताना डोळ्यांसमोर कुठलं बाळ नव्हतं, एवढंच.

त्या मोज्यामुळे माझी झोप उडाली. मुलाखत बुधवारी सकाळी झाली, कशी झाली ते जाऊ द्या. तिथे समोर तीन माणसं बसली होती, त्यांचीही माफी मागायची आहेच. तिथून निघालो तो थेट एका लॅबमध्ये गेलो आणि गोवराच्या अँटीबॉडीसाठी रक्त दिलं. गुरुवारी संध्याकाळी रिपोर्ट आला. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. डॉक्टर फोनवर म्हणाले, ही जुनी प्रतिकारशक्ती आहे, तुम्हाला कधीतरी गोवर होऊन गेलाय किंवा लस मिळालीये. आता काळजी नको.

म्हणजे आईच्या आठवणीतला तो 'असेल' माझाच निघाला.

सुटल्यासारखं वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. तासाभराने मात्र संताप आला, स्वतःचाच. ही तपासणी मला सोमवारी रात्री त्या बाईंनीच सुचवली असती. खरं तर त्या सांगतच होत्या, 'नोंद नसेल तर रक्त तपासता येतं', पण मी घाईने 'बरं बरं' म्हणून फोन संपवत आणला होता. प्रतिकारशक्तीचा पुरावा असलेल्या माणसाला गोवराच्या संपर्कानंतर घरात कोंडून घ्यावं लागत नाही. दोन-तीन दिवस थांबून रिपोर्ट हातात आल्यावर मी उजळ माथ्याने विमानात बसलो असतो. मी विचारलं नाही ते 'नको' ऐकू यायच्या भीतीने, आणि उत्तर 'जा' असं होतं. आपण बहुतेक वेळा असेच वागतो. नकार मिळेलसा वाटला की प्रश्नच गिळून टाकतो, आणि मग त्या गिळलेल्या प्रश्नाला 'मी माझ्या जबाबदारीवर आलो' असं नाव देतो. माझ्या जबाबदारीवर! लागण व्हायची असती तर ती १३ सी आणि १४ बी च्या जबाबदारीवर झाली असती.

कुणी म्हणेल, काही झालं नाही ना, मग सोडा. मित्र हेच म्हणाला. पण डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे धड पोचला म्हणून त्याने रस्ता नीट ओलांडला असं आपण म्हणत नाही. त्यातून मी तुमचे डोळे मिटले होते. तुम्हाला माहीत असतं तर ताईंनी सीट बदलून मागितली असती, मुलगा माझ्या खांद्यावर झोपला नसता, कुणी सांगावं, कुणी उतरूनही गेलं असतं. निवडायचा हक्क तुमचा होता, तो मी परस्पर वापरून टाकला.

विचारूनही चूक होते, हेही मला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या रुग्णालयातल्या एका परिचारिकेने इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा केली होती. क्लीव्हलँडहून परत यायच्या विमानात बसण्याआधी तिला किंचित ताप होता, ९९.५ फॅरनहाइट. तिने फोन करून सांगितलं. तो आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या खाली होता, म्हणून तिला कुणी थांबवलं नाही. विमानात १३२ प्रवासी होते. दोन दिवसांत तिचा आजार पक्का झाला. नंतर सीडीसीचे प्रमुखच म्हणाले की तिने प्रवासी विमानाने जायला नको होतं. गावभर तिला बोल लावला गेला. सुदैवाने त्या विमानातल्या कुणालाही लागण झाली नाही आणि तीही बरी झाली. तिची आणि माझी गोष्ट एका पारड्यात टाकू नका. तिने विचारलं होतं. चुकली असेल तर ती उत्तर देणारी व्यवस्था.

त्याच वर्षी २० जुलैला लायबेरियाहून एक माणूस विमानाने नायजेरियातल्या लागोसला उतरला आणि तिथेच कोसळला. इबोलाच्या रुग्णाशी संपर्क आल्याचं त्याने रुग्णालयात नाकारलं. डॉ. अमेयो स्टेला अदादेवोह यांनी त्याच्या शब्दावर विसंबून न राहता तपासणी करून घेतली. त्याला सोडा म्हणून दबाव आला तरी त्यांनी सोडलं नाही. नायजेरियात एकूण २० जणांना इबोला झाला, ८ जण गेले. १९ ऑगस्टला त्या स्वतः त्यातच गेल्या. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या शहरात एवढ्यावर निभावलं, कारण एका माणसाने जे सांगितलं नाही ते दुसऱ्या माणसाने खोदून काढलं. प्रत्येक विमानतळाबाहेर अशी बाई उभी असेल असं धरून चालता येत नाही.

आणि डॉ. कार्लो उर्बानी. सार्स हा काहीतरी नवा आजार आहे हे हनोईत ज्यांनी ओळखलं ते. ११ मार्च २००३ रोजी ते बँकॉकच्या विमानात बसले आणि वाटेत त्यांना ताप भरला. विमानतळावर घ्यायला आलेल्या सहकाऱ्याला त्यांनी लांबूनच हात करून थांबवलं, जवळ येऊ नकोस म्हणाले. संरक्षक पोशाखातली माणसं घेऊन ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दोघे अंतर ठेवून बसून राहिले. २९ मार्चला ते गेले. त्यांना देव्हाऱ्यात बसवण्यासाठी हे लिहीत नाही. रुग्णांमध्ये वावरल्यावर तेही विमानात बसलेच होते. पण ज्या क्षणी कळलं त्या क्षणी त्यांनी हात वर केला. मला कळलं होतं तेव्हा माझा हात बॅगेच्या दांड्यावर होता.

कंपन्यांबद्दल एवढंच म्हणतो. आरोग्य विभागाचं पत्र दाखवलं तर तारीख फुकट बदलून द्या, बाकी काही नको. २०२० मध्ये कित्येक कंपन्यांनी तारीख बदलण्याचे पैसे घेणं बंद केलं होतं, म्हणजे हे जमतं. मला ती सवलत मिळाली असती तर मी खरं बोललो असतो का? बहुधा. पण हा युक्तिवाद करताना मलाच जरा लाज वाटते. तिकिटाची किंमत त्यांनी ठरवली होती, ती तुमच्या बाळाच्या तब्येतीच्या पारड्यात टाकली होती ती मी.

एक माणूस किती पुरतो, याचा दाखला सामोआच्या बेटांवर आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'तालुने' हे जहाज पश्चिम सामोआत आलं, त्यावर फ्लूचे रुग्ण होते. पुढच्या काही आठवड्यांत तिथली जवळपास एक पंचमांश वस्ती मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजांना क्वारंटाइन लावलं, तिथे एकही मृत्यू नाही. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच सामोआत गोवर शिरला, या वेळी विमानाने. दोन लाखांच्या आसपास लोकसंख्या, लसीकरण घसरलेलं. ८३ जण गेले, बहुतेक सगळी पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरात सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला. घरात लस न घेतलेलं कुणी असेल तर दारावर लाल फडकं लावायचं, म्हणजे पथक येऊन टोचून जाईल. ज्या प्रवाशाबरोबर तो गोवर आला त्याला काही कल्पना होती असं मी म्हणत नाही. नसेलच. मला होती.

परत आल्यावर मी त्या बाईंना फोन केला. नंबर कॉल लिस्टमध्ये होताच. रिपोर्ट सांगितला. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव यादीतून काढते." मी म्हटलं, "एक मिनिट. तुम्ही प्रवासाचं विचारलं होतंत, तेव्हा मी खोटं बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं विमान होतं. मी गेलो."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मनाची तयारी केली होती, खरं तर ऐकायचीच इच्छा होती. पण त्यांनी फक्त कागद ओढल्याचा आवाज आला.

"विमानाचा नंबर? तारीख?" मी सांगितलं.

"रिपोर्ट आहे म्हणून ठीक. नाहीतर आज बसून सगळ्यांना फोन लावावे लागले असते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तरी लिहून ठेवते. सीट कुठली होती?"

"१४ सी," मी म्हणालो.

"शेजारी, पुढे-मागे लहान मूल होतं?"

आपला,
१४ सी वरचा प्रवासी